नमस्कार करणारा पिचर

शनिवार, २९ मार्च १९८६. कॅरी.
सकाळी धुके, मग लख्ख ऊन. अंगणातल्या डॉगवूडला पहिली पांढरी फुले आली. सुचित्राने मेथी आणून दिली, निवडून ठेवली. आज होली सॅटर्डे. उद्या ईस्टर. दुपारी श्रीरंगचा सामना पाहायला गेले. ल्यूपोच्या गालाचे हाड मोडले. पाहुण्या संघातल्या एकाच्या बरगड्या मोडल्या. त्या श्रीरंगने मोडल्या. नंतर मारामारी झाली. माझ्या साडीच्या काठावर रक्त उडाले. ते माझे नव्हते.

श्रीरंग हर्डीकर आमच्या शेजारचा. वडील गुरुदत्त नागपूरचे, इथल्या औषध कंपनीत रसायनशास्त्रज्ञ. आई सुचित्रा पुण्याची. दोघे शिकायला म्हणून या देशात आले आणि राहिले. श्रीरंग इथेच जन्मला. माझे यजमान हेमचंद्र हाडांचे डॉक्टर होते. ते होते तोवर या मुलाचा घोटा, कोपर, करंगळी, जे जे मोडले ते त्यांनीच बसवले. एकदा त्याचा उजवा दंड दाबून पाहत ते म्हणाले होते, "सुचित्रा, या हातात देवाने एक स्प्रिंग जास्तीची घातलीय. सांभाळा."

सुचित्राने त्याला मराठी सगळी शिकवली नाही, पण एक सवय पक्की लावली. कोणाला पाय लागला, धक्का लागला की त्या माणसाला हात लावायचा आणि तो हात आपल्या कपाळाला, छातीला लावायचा. आपल्याकडे सगळेच करतात. श्रीरंग मात्र कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडला तरी कुत्र्याला नमस्कार करी. त्यात विचार नसे. शिंक यावी तसा त्याचा हात जाई.

तो पंधरा वर्षांचा असताना शाळेच्या सामन्यात त्याच्या हातून चेंडू निसटला आणि वेन नावाच्या मुलाच्या डोळ्याखाली बसला. मी तिथे होते. ओल्या ओंडक्यावर कुऱ्हाड बसावी तसा आवाज झाला. वेन गुडघ्यांवर बसला आणि त्याच्या नाकातोंडातून रक्ताची धार लागली. श्रीरंग पळत गेला, त्याच्या खांद्याला हात लावला आणि तो हात कपाळाला लावून तसाच उभा राहिला. पंचाने त्याला धरून बाजूला नेले. दुसऱ्या दिवशी सुचित्रा बेसनाचे लाडू घेऊन हॉस्पिटलात गेली. वेनच्या आईने डबा हातात घेतला नाही. सुचित्राने तो जमिनीवर ठेवला, तर त्या बाईने पायाने भिंतीकडे सरकवला. वेनचा डोळा राहिला, पण त्याने अर्धेच दिसते.

त्या दिवसापासून श्रीरंग चेंडू फलंदाजाच्या अंगाजवळून टाकेना. सगळे चेंडू बाहेरच्या बाजूने, दूर. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात, आणि पिचर जवळून टाकणारच नाही हे फलंदाजाला कळले की तो बिनधास्त पुढे सरकून उभा राहतो आणि हवा तसा झोडपतो. कॉलेजात श्रीरंगला असेच झोडपले. तरी हातात वेग होता, म्हणून हेरन्स नावाच्या संघाने त्याला या वर्षी सरावासाठी बोलावले. हा काही मोठा संघ नाही. कापडगिरणीच्या गावातला, लाकडी बाकांचे मैदान असलेला, कुठल्याही बड्या संघाचा आधार नसलेला. पण खेळाडूंना पगार देतात.

फेब्रुवारीत मी त्यांच्याकडे जेवायला होते तेव्हा बापलेकांत ठराव झाला.

"एप्रिलमध्ये सीझन सुरू होतो ना?" गुरुदत्त म्हणाले. "ओपनिंग डेला टीममध्ये असलास तर मी एक शब्द बोलणार नाही. नसलास, तर ग्लव्ह गॅरेजमध्ये आणि तू ग्रॅड स्कूलमध्ये. ॲडमिशन अजून धरून ठेवलीय मी."

"डील, बाबा."

"नीलामावशी साक्षीला आहेत."

"मला कशाला मध्ये घेता?" मी म्हटले. "मला आमटी वाढा."

सुचित्राला सामने पाहवत नाहीत. गुरुदत्त कधी येत नाहीत. त्यांच्या मते तो वेळेचा चुराडा. म्हणून शनिवारी मी जाते, आणि घरी येऊन सुचित्राला सांगते की मुलगा धड आहे.

या वर्षी वर्तमानपत्राने सीझनच्या आधीच हेरन्सना पहिला नंबर देऊन टाकला होता. मग मार्च लागला आणि माणसे मोडू लागली. आधी डन, त्यांचा पहिला पिचर. त्याने एक चेंडू टाकला आणि कोपर धरून खालीच बसला. आतली नस तुटल्याचा आवाज मला तिसऱ्या रांगेत ऐकू आला. तो हात लोंबत ठेवून बाहेर गेला आणि पुन्हा आला नाही. मग एका उंच चेंडूखाली दोन क्षेत्ररक्षक वर बघत धावत आले आणि एकमेकांवर आपटले. एकाचा जबडा मोडला, दुसऱ्याचे नडगीचे हाड कातडीतून बाहेर आले. गवतात दात शोधायला माणूस वाकला होता. वर्तमानपत्राने हेरन्सना पाचव्या नंबरवर आणले. डनची जागा रिकामी झाली, म्हणून श्रीरंगला चेंडू मिळाला. कोणाचा तरी हात मोडल्यावाचून त्याची पाळी येणार नव्हती, आणि हे त्याला माहीत होते. तो सराव संपला की डनच्या घरी जाऊन त्याचे लॉन कापून देई.

संघाचा मॅनेजर होलोवे. जाड मानेचा, गालात तंबाखू, हातात थुंकायला कागदी कप. भारतीय म्हणजे डॉक्टर, म्हणून तो श्रीरंगला डॉक म्हणे.

"डॉक, तू बाहेरच टाकतोस हे आता पॉपकॉर्नवालीलासुद्धा ठाऊक झालंय," तो सगळ्यांसमोर ओरडे. "त्यांना घाबरव जरा! ते फलंदाज आहेत, तुझे पेशंट नाहीत!"

आजचा सामना स्टीमर्स नावाच्या पाहुण्या संघाशी. मोसमापूर्वीचा शेवटचा. यानंतर होलोवे संघाची यादी लावणार होता. मी अगदी पहिल्या रांगेत, बुटक्या कुंपणाला लागून बसले होते. कुंपणाच्या पलीकडेच हेरन्सच्या खेळाडूंची बसायची खोलगट जागा, त्यामुळे तिथले बोलणे मला ऐकू येत होते.

खेळाच्या मध्यावर स्टीमर्सच्या पिचरने ल्यूपोच्या तोंडावर चेंडू मारला. ल्यूपो हा हेरन्सचा उरलेला एकच चांगला फलंदाज, आणि त्याने आधीच्या डावात चेंडू मैदानाबाहेर टोलवला होता. त्याचीच ही शिक्षा. चेंडू चुकून आला नव्हता, हे मारणाऱ्याच्या चेहऱ्यावरून कळत होते. ल्यूपो आडवा पडला. त्याच्या गालाचा एक बाजूचा उंचवटाच गेला होता. तिथे खड्डा पडून तो हळूहळू रक्ताने भरत होता. त्याचे पाय मातीत घासत होते. त्याला स्ट्रेचरवर घालून नेले.

अशा वेळी या लोकांत एक कायदा आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण लहान मुलांना ठाऊक असतो. आपल्या माणसाला मारले तर पुढच्या डावात आपल्या पिचरने त्यांच्या माणसाला मारायचे. डोक्यावर नाही, बरगडीत. आणि मारल्यावर चेहऱ्यावर काही दाखवायचे नाही. बघायचेही नाही. पाठ फिरवून नवा चेंडू मागायचा.

होलोवेने श्रीरंगची कॉलर धरली. "पहिलाच येतोय तो क्रो. त्यांचा सर्वांत मोठा. तू त्याच्या बरगडीत घालायचास."

श्रीरंग हातातला चेंडू फिरवत राहिला.

"नसेल जमत तर शर्ट आत्ता काढ आणि घरी जा. मी दुसऱ्याला देतो. ल्यूपोचा चेहरा पाहिलास ना?"

"पाहिला."

"मग?"

श्रीरंगने शर्ट काढला नाही. जाताना त्याने कुंपणापलीकडून माझ्याकडे पाहिले. मी नजर वळवली नाही, पण मानही हलवली नाही.

क्रो हा लाल दाढीचा, दारात उभा राहिला तर उजेड अडेल असा माणूस. तोही कायदा जाणून होता. पण समोर श्रीरंग आहे आणि श्रीरंग कधी आत, अंगाजवळून, टाकत नाही, हेही त्याला कोणी सांगितले असावे. कारण तो पुढे सरकून उभा राहिला आणि हसला.

श्रीरंगने सगळ्या अंगाचा जोर लावून पहिलाच चेंडू टाकला. क्रोला वळायला वेळ मिळाला नाही. चेंडू डाव्या बरगडीत बसला आणि मला तो वेनचा आवाज पुन्हा ऐकू आला. क्रोची बॅट पडली. तो एका गुडघ्यावर आला आणि त्याला श्वास घेता येईना. तोंड उघडे, आवाज नाही.

इथे श्रीरंगने पाठ फिरवायची होती. त्याने फिरवली नाही. त्याचा उजवा हात क्रोच्या दिशेने पुढे गेला, हवेतच काहीतरी चाचपल्यासारखा थांबला, आणि मग कपाळाला लागला, छातीला लागला. मान खाली.

मी नन्सच्या शाळेत शिकलेली. त्या हावभावाचा या लोकांना कोणता अर्थ लागणार ते मला त्याच क्षणी कळले. आज होली सॅटर्डे. सगळे मैदान चर्चला जाणारे. त्यांना दिसले ते असे, की पिचरने माणूस पाडला आणि वर त्याच्यावर क्रूसाची खूण केली, मेलेल्यावर करतात तशी.

"हा क्रोचा अंत्यसंस्कार करतोय!" पाहुण्यांकडून कोणीतरी किंचाळले. "मारा साल्याला!"

ते सगळेच्या सगळे धावले. हेरन्सही धावले. मी मारामारी पाहिली नव्हती असे नाही, पण एवढे मोठे पुरुष, खाली खिळ्यांचे बूट, आणि हातात काय येईल ते. एकाने श्रीरंगला मानेतून धरून चेंडू टाकायच्या उंचवट्यावर आपटले. ओरेल, हेरन्सचा कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा, मध्ये पडला आणि त्याने दोघांना डोक्यावरच्या लोखंडी जाळीनेच ढुसण्या दिल्या. एकाचा कान फाटला. पंच हात उभारून ओरडत होता आणि त्याच्या नाकातून रक्त येत होते. तो ढीग सरकत सरकत माझ्या बाजूला आला आणि कुंपण कडाडून मोडले. ओरेल पाठीवर पडला, त्याचे डोके कुंपणाच्या या बाजूला, माझ्या पायांशी. जाळी निघून गेलेली. स्टीमर्सचा एक काळ्या केसांचा पोरगा त्याच्या छातीवर पाय देऊन दुसऱ्या पायाने, त्या खिळ्यांच्या बुटाने, त्याच्या तोंडावर मारू लागला. एकदा. पुन्हा. ओठ फाटला आणि आतले दात दिसले. रक्त माझ्या साडीवर आले. मी छत्री उचलून त्याच्या नडगीवर हाणली, पण त्याला ती लागलीसुद्धा नसावी.

तेवढ्यात श्रीरंग आला. शर्ट फाटलेला, एक डोळा बंद. त्याने त्या पोराला खांद्याला धरून फिरवले आणि उजव्या हाताने, मुठीने, जबड्यावर ठोसा दिला. पोरगा कोसळला. दोन दात ओरेलच्या छातीवर पडले. आणि श्रीरंगने आपला हात दुसऱ्या हातात धरला आणि तोंड वासले. करंगळीमागचे हाड मोडले होते. मला ते पाहताक्षणी समजले; करंगळीच्या मुळाची ती गाठ आत जाते.

पोलिसांनी सामना थांबवला. ॲम्ब्युलन्स भरलेल्या होत्या, म्हणून मी श्रीरंगला माझ्या गाडीतून हॉस्पिटलात नेले. वाटेत तो एकच वाक्य म्हणाला, "मावशी, मी मुद्दाम मारलं. वेनच्या वेळी निसटला होता. हा मुद्दाम."

"पाहिलं मी," मी म्हटले.

हॉस्पिटलात जागा नव्हती. पडद्याच्या एका बाजूला श्रीरंग, दुसऱ्या बाजूला कोणीतरी कण्हत होते. नर्सने पडदा सरकवला तर तो क्रो. छातीला पट्टे, चेहरा राखेसारखा. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. मी छत्री घट्ट धरली.

श्रीरंग उठला, त्याच्या पलंगाशी गेला आणि डाव्या हाताने त्याच्या पावलाला, चादरीवरूनच, हात लावला. मग तो हात कपाळाला आणि छातीला.

"पुन्हा?" क्रो ओरडला आणि बरगडी धरून विव्हळला. "आता तरी मेलोय का मी?"

"हे मेलेल्यांसाठी नाही," श्रीरंग म्हणाला. "आमच्यात कोणाला लागलं की असं करतात. सॉरी म्हणण्यासाठी. मघाशी हात पोचला नाही."

क्रो माझ्याकडे वळला. "लेडी, खरं सांगतोय का हा?"

"खरं आहे. हा कुत्र्यालासुद्धा करतो."

"म्हणजे तू मला बरगडीत घातलास, मुद्दाम?"

"हो."

"मॅनेजरने सांगितलं म्हणून?"

"हो."

"आणि मग सॉरी?"

"हो."

क्रोला हसू आले. ते त्याला इतके दुखले की डोळ्यांतून पाणी आले. त्याने श्रीरंगला आणि त्याच्या सात पिढ्यांना शिव्या घातल्या, त्या मी इथे लिहीत नाही. शेवटी म्हणाला, "तीन मोडल्यात. उन्हाळा गेला माझा. या पोराला सांगा लेडी, पुढच्या वेळी एक काहीतरी करायचं. मारायचं तरी, नाहीतर प्रार्थना तरी."

मग होलोवे आला. ओरेलला वरच्या मजल्यावर टाके घालत होते. ल्यूपोचे सोमवारी ऑपरेशन. होलोवेच्या कपाळावर टेंगूळ, हातात तोच कप. "उद्याच्या पेपरात आपण शेवटून पहिले," तो म्हणाला. "तुझा हात?"

"सहा आठवडे, डॉक्टर म्हणतात."

"पिचरने उजव्या हाताने ठोसा मारायचा नसतो, डॉक. आज्जीसुद्धा सांगेल." त्याने माझ्याकडे पाहिले. "पण ओरेलचे डोळे वाचले ते तुझ्यामुळे. आणि तू आत टाकलास. आता तुला बघून लोक मागे सरकतील."

श्रीरंगचा चेहरा पांढरा होता. त्याला काय हवे ते मला ठाऊक होते, होलोवेलाही. यादीतले नाव. तरी तो म्हणाला, "मी आत टाकीन, कोच. रोज टाकीन. पण कोणी सांगितलं म्हणून कोणाला मारणार नाही. आज मारलं, ते शेवटचं. त्यासाठी नाव काढायचं असेल तर आत्ताच काढा."

होलोवे कपात थुंकला. बराच वेळ पडद्याच्या कडीशी खेळत राहिला. पलीकडून क्रो म्हणाला, "ठेव रे म्हाताऱ्या, तुझ्याकडे धडधाकट उरलाय कोण?"

"तू गप्प," होलोवे म्हणाला. मग श्रीरंगला, "हात बरा होऊ दे. मग भांडू त्यावर. नाव जखमींच्यात लावतो." आणि तो ओरेलकडे वर गेला.

श्रीरंगने स्वतःच्या घरी जायचे नाकारले. "आधी तुमच्याकडे, मावशी. आईला हात एकदम नको दाखवायला." म्हणून मी त्याला माझ्या स्वयंपाकघरात बसवले, हॉस्पिटलात हाताला बांधलेल्या खपचीवर बर्फाची पिशवी ठेवली आणि हर्डीकरांना फोन केला. सुचित्रा आली ती रडतच. गुरुदत्त दारातच थांबले. त्यांनी मुलाचा सुजलेला डोळा पाहिला, मग हात.

"कोणी मारलं?"

"मीच मारलं, बाबा. एकाला."

"उजव्या हाताने?"

"हो."

"गाढवा! पिचर कधी उजव्या हाताने मारतो का?"

सुचित्राने रडणे थांबवून नवऱ्याकडे पाहिले. "म्हणजे तुम्हाला कळतं हे सगळं?"

"पेपर येतो घरी," गुरुदत्त म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. "डन गेला, ते दोघे आपटले, तेव्हाच मी म्हटलं होतं याचा नंबर लागणार. ल्यूपोचं काय?"

"गाल गेला. सोमवारी ऑपरेशन."

"मग संपलंच." ते टेबलाकडे बघत राहिले. मग विचारले, "ओपनिंग डेला तू टीममध्ये आहेस की नाहीस?"

"लिस्टवर आहे. इंज्युर्डमध्ये. खेळायला मिळणार नाही, बाबा. मेबी जूनमध्ये." श्रीरंगने मान खाली घातली. "तुम्ही म्हणाल तर ग्रॅड स्कूल."

गुरुदत्तांनी चष्मा काढून पुसला. प्रयोगशाळेतला माणूस, शब्द तोलून बघतो. "नाव त्यांच्या लिस्टवर आहे?"

"हो."

"मी टीममध्ये असलास तर असं म्हटलं होतं. खेळलास तर असं म्हटलं नव्हतं. नीलामावशी, बरोबर ना?"

"अगदी बरोबर," मी म्हटले.

"मग झालं. तुझी गाडी गिअरची आहे, ती या हाताने चालवता येणार नाही. सोमवारपासून मी सोडीन ग्राउंडवर. साडेसातला तयार राहा, मला ऑफिस असतं." ते उठले. पिशवीतल्या बर्फाचे पाणी झाले होते. त्यांनी न विचारता माझा फ्रीजर उघडला, ट्रे सिंकवर आपटला, आणि पिशवी भरून मुलाच्या हातावर ठेवताना त्यांचा अंगठा त्या खपचीला जरा जोरात लागला. श्रीरंग कळवळला. गुरुदत्तांनी झटकन हात लावला आणि तो हात आपल्या कपाळाला नेला.

ते गेल्यावर भांडी घासली आणि झोपण्याआधी रोजनिशीत शेवटची ओळ लिहिली.

बर्फाचे दोन्ही ट्रे रिकामे झाले होते; भरून ठेवले.